कॉमिक कॉनच्या गर्दीत ओपन सोर्सचं टेबल कसं मांडायचं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. विषय आहे, ॲनिमे-कॉमिक्सच्या चाहत्यांपर्यंत ओपन सोर्स सॉफ्टवेअर कसं पोहोचवायचं.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा आहे, असं सॉफ्टवेअर. कुणीही वापरा, बदला, पुढे वाटा.

पुण्यात 'ग्नूनिफाय' नावाची ओपन सोर्स परिषद भरायची, सिंबायोसिसच्या कॉम्प्युटर संस्थेत. येणारे साहजिकच कॉम्प्युटरवाले. म्हणजे ज्यांना आधीच पटलंय, त्यांनाच पटवायचं! चित्रं काढणारी पोरं-पोरी मात्र दुसरीकडे असतात. २०११ मध्ये दिल्लीत कॉमिक कॉन सुरू झालं, त्याच वर्षी मुंबईतही. गर्दी तिथे आहे.

आता जालन्याचं बघा. अंबड, भोकरदनमध्ये कुणी भारी फॅन आर्ट काढतं, पण सॉफ्टवेअर महाग. मग काय, टेलिग्रामवरून क्रॅक व्हर्जन! त्यासोबत व्हायरस आला तर पासवर्ड गेले. आणि उद्या एखाद्या क्लायंटने विचारलं, "लायसन्स आहे का?" तर उत्तर काय देणार? क्रिटा किंवा ब्लेंडरवर केलेलं काम तुमचं, बिनधास्त विका. फक्त एक लक्षात ठेवा, पात्र दुसऱ्याचं असेल तर त्याचा कॉपीराइट दुसऱ्याचाच राहतो.

मग टेबलावर काय करायचं?

पहिलं, लायसन्सवर भाषण नको, गोष्ट सांगा. 'फ्लो' हा मांजराचा लॅटव्हियन सिनेमा ब्लेंडरमध्ये बनला आणि २०२५ मध्ये त्याला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं. खुद्द ब्लेंडरही लोकांनीच वाचवलंय. २००२ मध्ये कंपनी बंद पडली, तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि कोड सगळ्यांसाठी खुला झाला. चाहत्यांना ही गोष्ट लगेच भिडते.

दुसरं, हातात पेन द्या. एक लॅपटॉप, एक पेन टॅब्लेट, त्यावर क्रिटा उघडलेलं. पाच मिनिटं चित्र काढू द्या, ते फोनवर पाठवून द्या. सोबत क्रिटाची खार 'किकी' आणि ब्लेंडरचं माकड 'सुझान' यांचे स्टिकर. मॅस्कॉट आवडणाऱ्यांना वेगळं पटवावं लागत नाही.

तिसरं, मराठीत बोला. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्त, बलू, मोदक हे देवनागरी फॉन्ट ओपन सोर्स आहेत. कॉमिकमधल्या फुग्यात मराठी संवाद टाकून दाखवा, बघणारा थांबतोच.

चौथं, खरं सांगा. ब्लेंडर फोनवर चालत नाही. क्रिटा अँड्रॉइडवर आहे, पण ते टॅब्लेटसाठी. फोनच्या छोट्या स्क्रीनवर जमत नाही. हे आधी सांगितलं नाही, तर घरी जाऊन माणूस वैतागतो आणि परत वळूनही बघत नाही. लॅपटॉप नसेल तर कॉलेजची लॅब किंवा मित्राचा जुना पीसी, असा रस्ता सुचवा.

आणि हो, यासाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एक टेबल, गणपती मंडळाच्या देखाव्याचं डिझाइन, इथूनही सुरुवात होते. एक पोरगी जरी क्रॅक सोडून क्रिटावर आली, तरी ती पुढे चार जणींना शिकवते.

चला, भेटू पुढच्या भागात!