आजीला लस दिली, मग मी कशाला घेऊ?

फ्लूच्या लसीबद्दल मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात. उत्तर सोपं आहे: म्हातारपणी शरीर लसीला कमी प्रतिसाद देतं. त्यामुळे आजीला भरवणाऱ्या, अंघोळ घालणाऱ्या माणसानेही लस घ्यायला हवी.

आता बघा, तलासरीहून वापीला किंवा डहाणूहून लोकलने बोईसरला कंपनीत जाणारी पोरं-पोरीच घरी येऊन हे सगळं करतात. "ताप आला की लांब राहीन" म्हणाल, तर फ्लू लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच पसरू शकतो.

कधी घ्यायची? आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, मग पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. लसीचा परिणाम व्हायला साधारण 2 आठवडे लागतात. म्हणून भातलावणीच्या आधी, मे महिन्यातच घेतलेली बरी. विषाणू बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यायची. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखेल, क्वचित कणकण येईल, एवढंच.

ब्रिटनमध्ये घरच्यांची सेवा करणाऱ्यांना ही लस मोफत मिळते. महाराष्ट्राने 2015 मध्ये गरोदर बाया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना ती मोफत द्यायला सुरुवात केली. सेवा करणारे मात्र त्या यादीत नव्हते. म्हणून डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात आजीला न्याल तेव्हा स्वतःसाठीही विचारा. तिथे नसेल, तर खाजगीत पैसे मोजावे लागतील. पण विचारल्याशिवाय मागणी कळणार कशी?

भेटू पुढच्या भागात!