ओळखा पाहू, मी कोण?

चेहरा डोळ्यांसमोर स्पष्ट उभा असतो. माणसाचे गाव आठवते, त्याने काय केले तेही सांगता येते. नाव मात्र ओठांवर येऊन अडते. साठी ओलांडलेल्या बहुतेक वाचकांना हा अनुभव नवा नाही. या अडखळण्याचाच एक खेळ व्हॉट्सॲपच्या मित्रगटात मांडता येतो. एकाने मनात एक प्रसिद्ध व्यक्ती धरावी आणि तिच्याच तोंडून, म्हणजे ‘मी’ म्हणून, एकेक खूण पाठवावी. इतरांनी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल एवढेच प्रश्न विचारावेत. ज्याने ओळखले त्याने पुढचे कोडे घालावे. पूर्वी हा खेळ माजघरात कंदिलाच्या उजेडात चाले. आता एक मित्र कराडला, दुसरा मिरजेला आणि तिसरा मुलाकडे परदेशात असला तरी चालतो.

साताऱ्या-सांगलीच्या मंडळींना या खेळात एक खास खोडी काढता येते. जुना सातारा जिल्हा १९४९ मध्ये विभागला गेला आणि ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. त्यामुळे ‘माझा जन्म सातारा जिल्ह्यात झाला, पण माझे गाव आज सातारा जिल्ह्यात नाही’ ही खूण टाकली की गट विचारात पडतो. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडेमच्छिंद्र आणि यशवंतराव चव्हाण यांचे देवराष्ट्रे ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. ‘दक्षिण सातारा’ हे शब्द ज्यांनी पत्त्यावर स्वतः लिहिले आहेत, त्यांना ही खूण तरुणांपेक्षा आधी उलगडते. वयाचा असा उघड लाभ फार थोड्या खेळांत मिळतो.

कोडे रचताना अवघड खुणेकडून सोप्या खुणेकडे यावे. एक उदाहरण पाहा. पहिली खूण : ‘माझे गाव कराडजवळ, वडीलही पैलवान.’ दुपारी दुसरी : ‘मी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलो. माझ्या परदेशवारीसाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले.’ सायंकाळी तिसरी : ‘१९४८ मध्ये लंडनला मी सहावा आलो.’ एवढ्यावर बहुधा कोणीतरी गोळेश्वरचे नाव काढतोच. न काढले तर रात्री शेवटची खूण द्यावी : ‘१९५२, हेलसिंकी, कांस्यपदक.’ खाशाबा जाधव! स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे. चार खुणा, सबंध दिवस. एवढा सावकाश खेळ कशासाठी, असे कोणी विचारील. या खेळाचे मर्म त्या सावकाशपणातच आहे.

व्यक्तिनामे इतर शब्दांपेक्षा अधिक अडतात, याला कारण आहे. एखादा माणूस सुतार आहे असे सांगितले, तर रंधा, करवत, लाकडाचा वास असे कितीतरी धागे त्या शब्दाला जोडले जातात. त्याच माणसाचे आडनाव सुतार आहे असे सांगितले, तर असा एकही धागा मिळत नाही. मानसशास्त्रज्ञांनी हा फरक प्रयोगांनी दाखवून दिला आहे. वय वाढते तशी नावाकडे नेणारी ही एकेरी वाट क्षीण होते. व्यक्तीविषयीचे ज्ञान बहुधा जागेवरच असते. खुणा म्हणजे त्या नावाकडे जाणाऱ्या जास्तीच्या वाटा. त्या उघडायला वेळ लागतो आणि घाई केली, कोणी हसले, की त्या आणखी अडतात. म्हणून गटात दोन नियम कटाक्षाने पाळावेत : सूर्यास्तापर्यंत गूगलला विचारू नये आणि ज्याला उत्तर आले त्याने ते गटात न टाकता कोडे घालणाऱ्याला स्वतंत्रपणे कळवावे. इतरांचा विचार तुटत नाही. नातवंडाला विचारण्यास मात्र मुभा असावी. तेवढ्यासाठी नातू जवळ येऊन बसतो हेही काही कमी नाही.

व्यक्ती निवडताना खेळणाऱ्यांच्या तारुण्याचा काळ डोळ्यांसमोर ठेवावा. साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयात सर्वांत ताज्या राहतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. आजचा क्रिकेटपटू ओळखता न आल्याने खट्टू होणारे आजोबा जुन्या नाटकमंडळीतील नटाचे घराणेसुद्धा सांगतील.

आता एका मोहापासून सावध करतो. असे खेळ खेळले की स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. मेंदूला तल्लख करण्याचा दावा करणाऱ्या संगणकीय खेळांविषयी २०१४ मध्ये सुमारे सत्तर शास्त्रज्ञांनी एकत्र निवेदन काढून सांगितले की, अशा दाव्यांना पुरेसा आधार नाही; सरावाने माणूस मुख्यतः त्या खेळात तरबेज होतो. अशाच अतिरंजित जाहिरातींबद्दल अमेरिकेतील एका कंपनीला २०१६ मध्ये वीस लाख डॉलर मोजावे लागले. मग हा खेळ कशाला? माणसांसाठी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे चौदा टाळता किंवा कमी करता येण्याजोगे धोके सांगितले; त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह आणि श्रवणदोष यांच्याबरोबर एकाकीपणाही आहे. कोडे हे निमित्त आहे. रोज चार जण आपली वाट पाहतात, ही गोष्ट खरी.

काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी थोडे सविस्तर लिहितो. दुपारी अडलेले नाव रात्री जेवताना आपोआप आठवले, तर ते वयाचे साधे लक्षण आहे. परंतु एकच खूण सकाळी वाचून संध्याकाळी ती प्रथमच पाहत असल्यासारखे वाटणे, खेळाचा नियमच ध्यानात न राहणे, रोजच्या वापरातला फोन अचानक अवघड वाटू लागणे, किंवा उत्साहाने कोडी घालणाऱ्या व्यक्तीने काही कारण न सांगता गटातून अंग काढून घेणे, हे बदल काही आठवडे दिसत असतील तर डॉक्टरांना भेटावे. दर वेळी कारण स्मृतिभ्रंशच असते असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या काही गोळ्या, यांनीही विस्मरण वाढते आणि यांतील बरेच काही सुधारता येते. डोळ्यांचा त्रास असेल तर फोनवरील अक्षरे मोठी करून द्यावीत. टंकलेखन जमत नसेल तर कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलता येते, हे शांतपणे दोन-तीनदा दाखवावे.

ज्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आहे, त्यांच्याशी हा खेळ याच रूपात खेळू नये. ‘सांगा पाहू, हे कोण?’ हा प्रश्न त्यांच्यासाठी परीक्षा ठरतो आणि उत्तर न आल्याची लाज मागे उरते. छायाचित्र दाखवून नाव आपणच सांगावे : ‘हे खाशाबा जाधव. जत्रेतल्या कुस्त्या कशा असायच्या हो?’ या प्रश्नाचे कोणतेही उत्तर चूक नसते. आई एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागली, तरी ती सांगू द्यावी.

शेवटी, हाच खेळ भामटेही खेळतात. अनोळखी क्रमांकावरून फोन येतो : ‘काका, ओळखलंत का? आवाजही विसरलात?’ ओळखता आले नाही याचा संकोच वाटून आपण म्हणतो, ‘अरे, पुण्याचा संजू का?’ आणि त्या क्षणी तो संजू होतो. थोड्या वेळात त्याला रुग्णालयासाठी तातडीने पैसे हवे असतात. गटातल्या खेळात अंदाज बांधावा. फोनवर कधीही बांधू नये. ‘तुम्हीच नाव सांगा’ एवढेच म्हणावे, फोन ठेवावा आणि त्या नातेवाइकाच्या जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. ‘तुमची ओळख सांगा’ अशा गमतीच्या प्रश्नावल्याही समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांत पहिली शाळा, आईचे माहेरचे आडनाव, जन्मतारीख विचारलेली असते. बँकेच्या सुरक्षाप्रश्नांची उत्तरे बहुधा हीच असतात, म्हणून त्या भरू नयेत. पैसे गेलेच असतील तर मुले रागावतील या भीतीने दिवस घालवू नये. १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता अधिक.