खाडीचा चिखल मुरतोय!

दोस्तांनो, खाडीच्या पुलावरून जाताना नाक दाबता ना? काय तो वास! कुजक्या अंड्यांचा! पण तोच वास एक भारी गुपित फोडतोय.

ऐरोलीजवळ ठाणे खाडीत ओहोटी लागली की काळा, लिबलिबीत चिखल उघडा पडतो. त्यात तिवराची झाडं. आणि भोवती चिखलातून डोकावणाऱ्या बोटभर काड्या, शेकडो! कसल्या? ओळखा पाहू!

अरे, ती मुळं आहेत! खाली जायची सोडून वर आलेली! श्वास घ्यायला! कारण चिखलात जरा खाली गेलं की प्राणवायूच नाही.

आता आजीची लोणच्याची बरणी आठवा. वर तेलाचा थर, आत हवा नाही, म्हणून लोणचं टिकतं. इथेही तेच! झाडं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन घेऊन पानं, मुळं, लाकूड बनवतात. पानं गळतात, मुळं मरतात, वर गाळ बसतो. एरवी जंतूंनी हा पाला चटकन फस्त केला असता आणि कार्बन पुन्हा हवेत! इथे मात्र प्राणवायूवाचून जगणारे जंतूच तेवढे उरतात. भलते सावकाश खाणारे! तो वास सोडणारेही तेच बरं का!

म्हणून कार्बन शेकडो वर्षं मुरत पडतो. किती? शास्त्रज्ञांनी २५ कांदळवनांत, म्हणजे तिवर, कांदळ अशा खाडीकाठच्या झाडांच्या जंगलांत, मोजमाप केलं आणि २०११ साली आकडा सांगितला. १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद तुकड्यात सरासरी सुमारे १,००० टन! त्यातला बराचसा जमिनीखाली!

आणि झाडं तोडून चिखल उपसला तर? झाकण उघडलं, तेलही काढलं! हवा शिरते, जंतूंची पंगत बसते, कार्बन वायू होऊन उडतो आणि पृथ्वी आणखी तापते. जगातली सगळ्यात जास्त कांदळवनं आहेत इंडोनेशियात. तिथे ती कोळंबीच्या तळ्यांसाठी भराभर तोडली गेली. (कोळंबी मलाही आवडते, काय करू!)

आता खरी गंमत! उष्ण प्रदेशातलं १,००० हेक्टर जंगल घेतलं, तर त्यात कांदळवन जेमतेम ७ हेक्टर. तरी जगभरच्या जंगलतोडीतून सुटणाऱ्या कार्बनमध्ये त्याचा वाटा १० टक्क्यांपर्यंत असू शकतो, असा त्याच शास्त्रज्ञांचा अंदाज!

पुन्हा झाडं लावली तर? लागतात की! कांदळाचं बी तर आईच्या फांदीवरच रुजतं. हातभर लांब कोंब फुटतो, मग ते टपकन चिखलात पडतं. पण रिकामी बरणी भरायला मात्र पुन्हा शेकडो वर्षं!