घरगुती यंत्रशाळेतील प्रकाशयोजना
घरगुती यंत्रशाळेतील प्रकाशयोजना म्हणजे लेथ, ड्रिल यांसारख्या यंत्रांवर छंद म्हणून काम करताना डोळ्यांवर ताण येऊ नये व अपघात टळावा, यासाठी केलेली दिव्यांची मांडणी होय.

स्थिरतेचा भास
भारतातील विद्युतपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने साध्या चोकवरील ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतो. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या चार जबड्यांच्या चकचे जबडेही एका बिंदूवरून सेकंदाला १०० वेळा जातात. त्यामुळे फिरता चक थांबल्याचा भास होऊन हाताला गंभीर इजा होऊ शकते. इलेक्ट्रॉनिक चोक किंवा चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी दिवे वापरल्यास हा धोका बराच कमी होतो.

मांडणी
छतावरील दिव्यांसोबत यंत्राजवळ वळवता येणारा दिवा लावतात. तो बाजूने असल्यास कारागिराची सावली कामावर पडत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम १७ कारखान्यांत डोळे दिपवणारा प्रकाश व अपघातकारक सावल्या टाळण्यास सांगत असे. हेच तत्त्व घरीही उपयुक्त ठरते.

उष्णता
आर्णीसह यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसपुढे जाते. पत्र्याच्या छपराखाली तारेच्या बल्बऐवजी एलईडी दिवे वापरल्यास उष्णतेत कमी भर पडते.