सकाळी थंड इंजिन थरथरतंय? पार्ट बदलण्याआधी मोबाईलवर हे रीडिंग बघा

डिसेंबर-जानेवारीत बीड जिल्ह्यात, त्यातही पाटोदा-आष्टीकडच्या माळावर, पहाटे चांगलाच गारठा असतो. अशा वेळी काही पेट्रोल कार स्टार्ट केल्या की जागेवरच थरथरतात, आरपीएमचा काटा वरखाली होतो, कधी गाडी बंदही पडते. पाच-सात मिनिटांनी सगळं सुरळीत! गॅरेजला नेईपर्यंत इंजिन तापलेलं असतं, त्यामुळे मेकॅनिकला काही सापडत नाही. मग अंदाजाने प्लग, कॉइल, इंजेक्टर बदलत बिल वाढत जातं. खरं तर ‘फक्त थंड असतानाच’ हीच सगळ्यात मोठी खूण आहे. ती मोबाईलवर कशी पकडायची ते पाहू.

थंड असतानाच का होतं?

पेट्रोल नीट जळायचं तर आधी त्याची वाफ व्हावी लागते. थंड इंजिनात ती कमी होते. म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडतो आणि आरपीएम साधारण १२००-१५०० वर ठेवतो. इंजिन तापलं की तो ७००-९०० वर येतो. इथपर्यंत सगळं नॉर्मल आहे.

किती जास्त पेट्रोल द्यायचं, हे ईसीयू मुख्यतः कूलंट टेम्परेचर सेन्सरवरून ठरवतो. त्याची चूक दाखवणारा ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपमध्ये असतो, पण तो तापेपर्यंत कामच करत नाही. तापल्यावर तो चूक दाखवतो, ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो आणि गाडी शांत होते. बिघाड मात्र तिथेच असतो, फक्त झाकला जातो.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. त्यामुळे आधीच कुरकुरणारी गाडी थंडीत लवकर उघडी पडते.

काय लागेल?

एक ओबीडी ब्लूटूथ अडॅप्टर आणि ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’सारखं ॲप. आयफोन असेल तर त्याला चालणारा अडॅप्टर बघून घ्या. ओबीडी पोर्ट बहुतेक वेळा स्टिअरिंगच्या खाली असतो. बीएस-६ कारमध्ये तो असतोच, जुन्या बऱ्याच गाड्यांतही मिळतो.

सकाळची टेस्ट

१. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी चावी ऑन करा, पण स्टार्ट करू नका. ॲपमध्ये कूलंट टेम्परेचर आणि इनटेक एअर टेम्परेचर बघा. दोन्ही जवळपास सारखे हवेत. हवा १२ अंश आणि कूलंट ४५ दाखवत असेल, तर ईसीयूला इंजिन गरम वाटतंय आणि तो पेट्रोल कमी देतोय. आधी सेन्सरचा कनेक्टर तपासा, मग सेन्सर.

२. आता स्टार्ट करा, थरथर होऊ द्या आणि कोड वाचा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०३ म्हणजे तिसऱ्यात. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून पहिली आणि तिसरी कॉइल अदलाबदल करा, कोड क्लिअर करा. दुसऱ्या दिवशी कोड पी०३०३ झाला, तर कॉइल खराब. तिथेच राहिला, तर प्लग किंवा इंजेक्टर बघा.

३. इंजिन तापल्यावर फ्युएल ट्रिम बघा. शॉर्ट आणि लाँग मिळून सतत +१० टक्क्यांच्या वर असेल, तर कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी आहे. व्हॅक्यूमचे रबरी पाइप तडकलेत का ते बघा. गारठ्यात रबर आक्रसतं आणि फट वाढते. फट शोधायला इंजिनवर पेट्रोल किंवा स्प्रे अजिबात मारू नका, आग लागू शकते.

स्वस्तापासून सुरुवात

सेन्सर ठीक असेल तर आधी एअर फिल्टर बघा. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो. मग थ्रॉटल बॉडीची सफाई, मग प्लग. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका. सफाईनंतर काही गाड्यांत आयडल पुन्हा सेट करावा लागतो. इंजेक्टर सगळ्यात शेवटी.

सीएनजीवाल्यांनी हे लक्षात ठेवा: बऱ्याच सीएनजी कार पेट्रोलवरच स्टार्ट होतात आणि नंतर गॅसवर जातात. टाकीत महिनोन्महिने तेच पेट्रोल पडून असेल, तर त्यातला सहज वाफ होणारा भाग उडून जातो आणि सकाळची थरथर सुरू होते. गावाकडे दोन-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचंही तेच. ताजं पेट्रोल भरा आणि अधूनमधून पेट्रोलवर चालवा.

हे टाळू नका

थंड इंजिन घेऊन थेट मांजरसुंब्याच्या घाटाला लागलात आणि गाडी मध्येच बंद पडली, तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं आणि तो पार्ट महाग असतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून टेस्ट करू नका. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि तो जीव घेतो.

शेवटचं: कोड क्लिअर करण्याआधी स्क्रीनशॉट काढा. गॅरेजला जायची वेळ आलीच, तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथे ठेवा आणि सकाळी पहिला स्टार्ट मेकॅनिकलाच मारू द्या.