कानपूरचं रिव्हॉल्व्हर, खडकीचं काडतूस

आमच्या लहानपणी परभणी जिल्ह्यात रिव्हॉल्व्हर दोनच ठिकाणी दिसायचं: फौजदाराच्या कमरेला आणि सिनेमाच्या पडद्यावर. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ला झाला. पडद्यावरचं हत्यार लबाड. त्यातल्या सहा गोळ्यांत वीस माणसं पडायची. फौजदाराचं मात्र खरं, आणि ते कधीच बाहेर निघायचं नाही. कातडी म्यानातून दिसायची ती नुसती मूठ आणि तिच्या बुडाची कडी. औंढा–वसमत रस्त्यावरचं आमचं शिरड शहापूर ओळखलं जातं ते भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन क्षेत्रासाठी. अहिंसेचा उपदेश कानावर पडत असताना डोळे त्या मुठीवर खिळलेले असायचे, हे आता सांगायला हरकत नाही. पण ओढ मारामारीची नव्हती. सायकलचं फ्रीव्हील किंवा शिवणयंत्राचा धोटा उघडून बघावासा वाटतो, तशी ती ओढ होती. आत काय फिरतं ते बघायचं होतं.

त्या म्यानात बहुतेक वेळा वेब्ली असे. आज माझ्या तिजोरीत आहे ते वेब्ली नव्हे, तिचा कानपुरात जन्मलेला वंशज आहे. असं का झालं ते सांगायचं तर यंत्र आणि कायदा या दोघांचीही ओळख करून द्यावी लागेल.

चाप आणि घोडा

सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरला दर गोळीसाठी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. मग चाप दाबायचा. लंडनच्या रॉबर्ट अॅडम्सने १८५१ साली याच्या उलट केलं. त्याच्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाई आणि शेवटी सुटे. अंगठ्याचं काम संपलं, पण नेम धरणं कठीण झालं, कारण एवढा जोर लावताना नळी हलणारच. १८५६ साली लेफ्टनंट फ्रेडरिक बोमाँटने दोन्ही सोयी एका यंत्रात आणल्या. घाई असेल तर नुसता चाप ओढा, सवड असेल तर अंगठ्याने घोडा चढवून हलक्या बोटाने दाबा. हेच डबल अॅक्शन. पुढच्याच वर्षी, १८५७च्या उठावात, ही बोमाँट-अॅडम्स रिव्हॉल्व्हरं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातात होती.

चाप मागे येऊ लागतो तेव्हा आत एकामागून एक चार गोष्टी घडतात. एक लहानशी दांडी वर सरकून सहा भोकांच्या सिलिंडरला षष्ठांश फेरा देते. पुढचं काडतूस नळीसमोर आलं की खालून एक खिट्टी उठून सिलिंडर जागच्या जागी अडकवते. त्याच वेळी घोडा स्प्रिंगविरुद्ध मागे जात असतो. चाप शेवटाला पोचला की घोड्याची पकड सुटते. हे सगळं करायला बळ लागतं ते एका बोटाचं. पिस्तूल पुढची गोळी भरायला आधीच्या गोळीचाच धक्का वापरतं. रिव्हॉल्व्हर काहीच उसनं घेत नाही. म्हणून एखादं काडतूस फुसकं निघालं तरी ते अडत नाही. पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं.

त्याची किंमत आहे जडपणा. अंगठ्याने घोडा चढवून दाबायला लागतो त्याच्या ढोबळमानाने दुप्पट जोर नुसता चाप ओढायला लागतो, आणि चापाचा प्रवासही लांब. नवख्याला हा दोष वाटतो. पण बहुतेक रिव्हॉल्व्हरांना हाताने लावायचा सेफ्टीचा खटका नसतो. हा लांब, जड चाप हीच त्यांची सेफ्टी. चुकून होण्याइतकं ते काम सोपं ठेवलेलं नाही.

बर्मिंगहॅमची वेब्ली

बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ साली स्वीकारलं. त्याची ओळख म्हणजे मधून मोडणारी रचना. घोड्याशेजारचा खटका अंगठ्याने दाबला की नळी बिजागरीवर खाली झुकते, सिलिंडरच्या मधून चांदणीच्या आकाराची पट्टी वर उठते आणि सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. अमेरिकन रिव्हॉल्व्हरांनी वेगळी वाट धरली. स्मिथ अँड वेसनच्या १८९९च्या मॉडेलात सिलिंडर कुशीला बाहेर येतो, चौकट मात्र अखंड राहते. अखंड चौकट जास्त दाब सोसते, म्हणून १९३५ साली आलेलं जबरदस्त .३५७ मॅग्नम काडतूस अमेरिकन रिव्हॉल्व्हरांतच शोभलं. बिजागरीच्या वेब्लीचं ते काम नव्हे. तिचा गुण भरण्या-उपसण्याच्या चपळाईत.

पहिल्या महायुद्धातली वेब्ली .४५५ बोअरची, वजनदार. घाईघाईत भरती केलेल्या शिपायाला तिचा धक्का आवरेना. युद्ध संपल्यावर धाकटं .३८ काडतूस पसंत पडलं आणि वेब्लीने आपलं मार्क ४ त्या बोअरमध्ये आणलं. सरकारने मात्र त्याच धर्तीचं रिव्हॉल्व्हर आपल्या एनफिल्डच्या कारखान्यात बनवून १९३२ साली सैन्याला दिलं. वेब्लीने भरपाई मागितली, तेव्हा पदरात १२५० पौंड पडले. दुसऱ्या महायुद्धात तुटवडा पडला आणि सरकार पुन्हा वेब्लीच्याच दारात आलं. वेब्ली आणि एनफिल्ड, दोन्ही भारतात राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं इथल्या पोलिसांच्या कमरेला दिसत होती. ९ एमएम पिस्तुलं आली तशी ती शस्त्रागारात गेली.

कोणाच्या हाती

मराठी मुलखात या हत्याराला दुसराही इतिहास आहे. १८७८च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हद्दीतल्या हिंदी माणसाला परवान्याविना हत्यार बाळगायची बंदी झाली, युरोपियनांना मात्र सूट मिळाली. त्यामुळे प्रत्येक छुपं हत्यार ही राजकीय गोष्ट झाली. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. तशी वीस पिस्तुलं सावरकरांनी लंडनहून पाठवली होती. २२ जुलै १९३१ला पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून रिव्हॉल्व्हर झाडलं. गोळी हॉटसनच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली आणि तो वाचला. हेच गोगटे पुढे पुण्याचे महापौर झाले.

आमचा भाग तेव्हा निजामाचा. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी, त्यामुळे लष्करी हत्यार या मातीला नवं नाही. नवी गोष्ट एवढीच की ते साध्या शेतकऱ्याच्या घरात कायद्याने येऊ शकतं.

आजचा शस्त्र कायदा १९५९चा. त्याने गोऱ्या-काळ्याचा भेद पुसला, पण बोअरचा भेद ठेवला. सैन्य-पोलिसांचं काडतूस ज्यात चालतं ते हत्यार सामान्यांना बंद. म्हणजे ९ एमएम नाही आणि फौजदाराचं .३८ही नाही. मोकळं राहिलं .३२. बाहेरून हत्यारं आणण्याची वाटही १९८०च्या दशकात सामान्यांना बंद झाली. परिणामी देशात आधीच असलेल्या जुन्या विलायती .३२ वेब्ली-स्कॉटचे भाव लाखांत गेले. बाकीच्यांसाठी उरला सरकारी कारखाना.

वंशज

त्या कारखान्याने, म्हणजे कानपूरने, वेब्ली मार्क ४चीच रचना .३२मध्ये उतरवली. तीच बिजागरी, तोच अंगठ्याचा खटका, तीच चांदणी. नळी तीन इंचांची, वजन पाऊण किलोच्या आत. खुद्द वेब्लीने १९७९ साली बंदुका-रिव्हॉल्व्हरं बनवणं थांबवलं, तरी कानपुरात तिची नक्कल निघतच राहिली. २०१४ साली कानपूरनेच टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं 'निर्भीक' काढलं. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर ते बायकांसाठी म्हणून जाहीर झालं आणि किंमत ठेवली सव्वा लाखाच्या घरात. एवढे पैसे कोणत्या बाईकडे आहेत, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. २०२३मध्ये कुशीला सिलिंडर उघडणारं 'प्रबळ' आलं, म्हणजे कानपूरने अखेर अमेरिकन वाट धरली. आणि वेब्ली अँड स्कॉट हे नाव २०२०च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या संडीला इथे, हरदोई जिल्ह्यात, भारतीय भागीदारासह परत आलं. बर्मिंगहॅमचं रिव्हॉल्व्हर आता हरदोईत बनतं.

काडतुसाची गोष्ट आमच्याकडची आहे. पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची स्थापना १८६९ची. .३२च्या पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं असतात, ती खडकीचीच. मूळ काडतूस स्मिथ अँड वेसनचं, १८९६चं. आजच्या मापाने ते दुबळं. गोळीचा वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास. पण धक्का सौम्य असल्याने नेमबाजीच्या २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत जगभर हेच काडतूस मानाचं. २००६च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणाने ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली ती याच प्रकारात.

कागद

रिव्हॉल्व्हर घेणं म्हणजे आधी कागद घेणं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, कारण लिहायचं, वय एकवीसच्या पुढे हवं. मग ठाण्याकडून चारित्र्य पडताळणी होते. २०१६च्या नियमांनी हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षणही जोडलं. गावात चौकशी सुरू झाली की चहाच्या टपरीवर एकच प्रश्न: "कुणाशी भांडण झालं का हो?" नुसती यंत्राची आवड हे कारण अर्जात चालत नाही, मळ्यातली रात्रीची राखण आणि हळदीच्या पैशांची ने-आण चालते. दोन्ही माझ्याकडे खरी होती, म्हणून लिहिली. पण लहानपणापासूनची ओढ कोणत्याच रकान्यात बसली नाही.

परवाना आल्यावरही हत्यार पुरतं तुमचं होत नाही. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो. पावती घेऊन घरी यायचं. काडतुसांचा आकडा परवान्यावर छापलेला. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाची हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. त्याच दुरुस्तीने वरातीतला हर्षगोळीबार गुन्हा ठरवला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फेट्याला तुरा आणि कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फोटो काढणाऱ्यांची आमच्याकडे कमतरता नाही. त्यांच्यासाठी ही दुरुस्ती आवश्यकच होती.

परवाना मिळेपर्यंतच्या दिरंगाईची मला चीड आली, हे खरं. आता वाटतं की कायद्यानेही डबल अॅक्शनसारखंच काम केलं आहे. इच्छा आणि हत्यार यांच्यामध्ये लांब, जड चाप ठेवला आहे. ज्याला खरंच ओढायचा आहे तो ओढतो. रागाच्या भरात आलेला अर्ध्यावर थांबतो. गावठी कट्ट्याला तसला चाप नाही, ना यंत्रात ना कागदात. घरात कर्ज, दारू, भांडण असेल तर बाहेरच्या चोरापेक्षा घरच्याच माणसाला हत्याराची भीती जास्त असते, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. म्हणून माझं तिजोरीत असतं, रिकामं. काडतुसं वेगळ्या कुलुपात.

रेंजवर ते पहिल्यांदा चालवलं तेव्हा नुसता चाप ओढून झाडलेल्या गोळ्या कागदभर पसरल्या. अंगठ्याने घोडा चढवल्यावर त्या एकत्र आल्या. खटका दाबला, नळी झुकली, चांदणी उठली, सहा पुंगळ्या बाकावर सांडल्या. फौजदाराच्या म्यानात जे दिसलं नव्हतं ते दिसलं. कानपूरची घडण वेब्लीइतकी सफाईदार नाही. मोकळा चाप ओढताना आत कुठेतरी खरखर जाणवते, आणि पावसाळ्यात तेलाचा हात चुकला तर गंजाचे ठिपके उठायला वेळ लागत नाही. पण चार गोष्टी त्याच क्रमाने घडतात.

पुढे याचं काय, असं मुलाने विचारलं. त्याला यंत्राची आवड आहे, या यंत्राची नाही. त्याला सांगितलं ते असं: जमीन सातबाऱ्यावर नाव लागलं की वारसाची होते. याचं तसं नाही. माझ्यामागे ते आधी जमा करायचं. ठेवायचं असेल तर स्वतःच्या नावाने अर्ज कर, पडताळणी दे, प्रशिक्षण घे. नको असेल तर विकून टाक. ठरवायला तुला भरपूर वेळ मिळेल. कायद्यानेच तशी सोय केली आहे.