आडवाटेवरील वाईनरी : नाशिक जिल्ह्यातील अल्पपरिचित द्राक्षमद्य केंद्रे आणि खानदेशातील कृषिपर्यटन

प्रस्तावना

कृषिपर्यटन हा विषय आता महाराष्ट्रात नवा राहिलेला नाही. शेतावर येणारा पाहुणा हे शेतकऱ्याच्या उत्पन्नाचे एक साधन होऊ शकते, हे राज्य शासनाने २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाद्वारे मान्य केले आहे. या क्षेत्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणून नाशिकच्या वाईन पर्यटनाचा उल्लेख केला जातो. मात्र हा उल्लेख बहुधा गंगापूर धरणाजवळील एकदोन मोठ्या केंद्रांपुरताच मर्यादित राहतो. निफाड, दिंडोरी व इगतपुरी तालुक्यांतील आडवाटांवर असलेल्या लहान वाईनरींकडे पर्यटकांचे व अभ्यासकांचेही फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या अल्पपरिचित केंद्रांचे स्वरूप, तेथे पाहण्यासारखी प्रक्रिया आणि त्यांच्या अर्थकारणात पाहुण्याला असलेले स्थान स्पष्ट केले आहे. त्या आधारे असोद्यासारख्या खानदेशातील गावाला यातून काय घेता येईल, याचाही विचार केला आहे.

पार्श्वभूमी

नाशिक जिल्हा हा प्रामुख्याने खाण्याच्या द्राक्षांचा जिल्हा आहे. वाईनच्या द्राक्षांचा व्यापारी विस्तार येथे गेल्या पंचवीस वर्षांतील आहे. सुला या कंपनीची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. त्यानंतर २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. उत्पादन शुल्कातील सवलत, परवाना पद्धतीचे सुलभीकरण आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथील वाईन पार्क ही या धोरणाची प्रमुख अंगे होत. द्राक्ष उत्पादकाला हमखास गिऱ्हाईक मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

प्रारंभीच्या उत्साहात अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या वाणांची लागवड केली आणि काहींनी स्वतःच वाईनरी उभारल्या. परंतु २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी मंदावली. नारायणगाव येथील इंडेज ही या व्यवसायातील जुनी कंपनी आर्थिक अडचणीत सापडून बंद पडली. विंचूर येथील अनेक घटकांना टाळे लागले. वाईनची द्राक्षे खाण्यासाठी विकता येत नाहीत. त्यांचे मणी लहान, बियांचे व जाड सालीचे असतात. त्यामुळे खरेदीदार नाहीसा होताच कित्येक शेतकऱ्यांनी उभ्या बागा तोडून टाकल्या. आज आडवाटेवर जी लहान केंद्रे दिसतात, ती या पडझडीनंतर टिकून राहिलेली आहेत, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

केंद्रांचे भौगोलिक स्वरूप

खानदेशातून नाशिककडे जाणारा प्रवासी धुळे, मालेगाव व चांदवड ओलांडून निफाड तालुक्यात प्रवेश करतो. जळगाव ते नाशिक हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. मुंबईच्या पर्यटकाला इगतपुरी व गंगापूर परिसर आधी लागतो. खानदेशच्या प्रवाशाला मात्र प्रथम भेटतो तो निफाडचा द्राक्षपट्टा. लोहमार्गाने गेल्यासही मनमाडनंतर लासलगाव व निफाड ही स्थानके येतात. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या लासलगावापासून विंचूर जवळच आहे.

या प्रदेशातील वाईनरींचे स्थूलमानाने तीन गट पाडता येतात. पहिला गट निफाड तालुक्याचा. येथे पाऊस तुलनेने कमी, जमीन बहुतांशी काळी आणि हिवाळ्यातील रात्री अतिशय थंड असतात. या तालुक्यातील रेव्हिलो या वाईनरीने सांजोव्हेजे, नीरो द’आवोला व ग्रिल्लो या इटालियन वाणांची लागवड केली. भारतात असे प्रयोग मोजकेच झाले आहेत. दुसरा गट दिंडोरी तालुक्याचा. येथील चारोसा या खेड्याच्या नावानेच एक वाईनरी उभी राहिली आणि तिची तेंप्रानियो या स्पॅनिश वाणाची वाईन जाणकारांत गाजली. तिसरा गट इगतपुरी तालुक्याचा. येथे मुकणे धरणाच्या जलाशयाकाठी असलेल्या व्हॅलोने या लहान वाईनरीने मालबेक व व्हिओनिए यांसारखे भारतात दुर्मीळ असलेले फ्रेंच वाण लावले. एकाच जिल्ह्यात पाऊस, माती व उंची बदलली की वाण आणि चव कशी बदलते, हे या तीन गटांच्या तुलनेतून समजते.

भेटीत काय पाहावे?

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते आणि शरद ऋतूच्या सुमारास तोडणी होते. महाराष्ट्रातील उष्ण हवामानात वेल अशी झोपी जात नाही. म्हणून येथे वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलमधील खरड छाटणीने नवी काडी तयार होते, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणीने त्या काडीवर घड येतात. तोडणी जानेवारी ते मार्च या काळात होते. भेटीसाठी हाच काळ सर्वांत योग्य होय. पावसाळ्यात डोंगर हिरवे दिसतात, पण वाईनरीतील यंत्रे बहुधा शांत असतात.

तोडणी पहाटेच्या गारव्यात केली जाते. द्राक्षे तापली तर रस नको तेव्हा आंबू लागतो. बागेतील मजुरांत पेठ व सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून हंगामापुरत्या आलेल्या कुटुंबांचा मोठा वाटा असतो. मोठ्या केंद्राच्या चवदालनात बसणाऱ्या पर्यटकाला हा श्रम सहसा दिसत नाही. लहान वाईनरीत बाग, यंत्रघर व कोठी एकाच आवारात असल्याने तो दृष्टीआड होत नाही.

तोडलेल्या द्राक्षांचे देठ यंत्राने वेगळे केले जातात. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षे आधी दाबून केवळ रस आंबवला जातो. लाल वाईनसाठी मात्र साल व बिया रसातच ठेवतात, कारण रंग व तुरटपणा सालीतून उतरतो. यीस्ट साखरेचे रूपांतर मद्यार्क व कर्बवायूत करते. साधारणपणे एका लिटर रसातील सतरा ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणूनच वाईनची द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांपेक्षा अधिक गोड होईपर्यंत वेलीवर ठेवली जातात. ही क्रिया पोलादी टाक्यांत, तापमान नियंत्रित ठेवून चालते. एका बाटलीसाठी सुमारे एक किलो किंवा थोडी अधिक द्राक्षे लागतात.

चव घेण्याचाही एक क्रम असतो. आधी फसफसणारी, मग पांढरी, त्यानंतर गुलाबी आणि शेवटी लाल वाईन दिली जाते. प्रत्येक घोट गिळलाच पाहिजे असे नाही. तो थुंकण्याची सोय असते आणि त्यात अशिष्ट असे काही मानले जात नाही. महाराष्ट्रात वाईनसाठी किमान वयोमर्यादा २१ वर्षे आहे. वाहन चालवणाऱ्याने चवदालनापासून दूरच राहावे. लहान केंद्रांत माहिती देणारा स्वतंत्र कर्मचारी असतोच असे नाही, त्यामुळे आगाऊ संपर्क साधून जाणे उचित ठरते.

पाहुण्याचे आर्थिक महत्त्व

लहान वाईनरीपुढील मुख्य अडचण उत्पादनाची नसून विक्रीची आहे. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने प्रत्येक राज्यात वेगळा कर, वेगळा परवाना आणि प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी करावी लागते. लाखो बाटल्या विकणाऱ्या कंपनीला हा खर्च पेलतो. काही हजार बाटल्या करणाऱ्याला पेलत नाही. शहरातील दुकानांतही प्रसिद्ध नावांनाच दर्शनी जागा मिळते. मद्याच्या जाहिरातीवर बंधने असल्यामुळे नव्या नावाची ओळख करून देण्याचा मार्ग अरुंद आहे. अशा स्थितीत दारी आलेला पाहुणा हाच जाहिरात, दुकान व ग्राहक या तिन्ही भूमिका पार पाडतो. त्याने विकत घेतलेल्या बाटलीत वितरकाचा वाटा नसतो आणि ती रक्कम उत्पादकापर्यंत थेट पोहोचते.

सुलाने २००५ मध्ये नाशिक येथे चवदालन सुरू करून हा मार्ग दाखवला. परंतु मोठ्या कंपनीसाठी पर्यटन हे अनेक विक्रीमार्गांपैकी एक असते. आडवाटेवरील उत्पादकासाठी ते तगून राहण्याचे साधन ठरू शकते. मुख्य रस्त्यापासून काही किलोमीटर आत वळण्याच्या पर्यटकाच्या निर्णयाला म्हणूनच केवळ हौसेपलीकडचा अर्थ आहे.

खानदेशच्या संदर्भात

जळगाव शहरालगतचे असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर. असोदा-भादली परिसर भरिताच्या वांग्यांसाठीही ओळखला जातो. जळगावची केळी व भरिताची वांगी या दोहोंना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावालाही तो प्राप्त आहे. मात्र निर्देशांक हे नावाचे संरक्षण आहे. तो पाहुणा आणून देत नाही.

हिवाळ्यात खानदेशातील शेतांवर भरीत-पार्ट्या रंगतात. काट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी आणि कळण्याच्या पुऱ्या हा बेत घरच्या व ओळखीच्या माणसांपुरता असतो. बाहेरच्या पाहुण्याला त्यात सामील होण्याची ठरलेली वाट नाही. नाशिकच्या लहान वाईनरींनी नेमकी हीच वाट तयार केली : वेळ ठरवून पाहुण्याला बोलावणे, शेतापासून ताटापर्यंतची प्रक्रिया दाखवणे, ती समजावून सांगणे आणि माल जागेवरच विकणे. भरिताचा हंगाम आणि द्राक्षतोडणीचा हंगाम बराचसा एकाच काळात येतो. त्यामुळे असोदा, तेथून निफाड आणि वाटेत पिंपळगावजवळचे कुसुमाग्रजांचे मूळ गाव शिरवाडे वणी, असा साहित्य व शेती यांना जोडणारा हिवाळी अभ्यासप्रवास शक्य आहे.

महाविद्यालयांना यात विशेष वाव आहे. किण्वनाच्या दृष्टीने सूक्ष्मजीवशास्त्राला, माती व हवामानाच्या दृष्टीने भूगोलाला, कररचनेच्या दृष्टीने वाणिज्याला आणि हंगामी स्थलांतराच्या दृष्टीने समाजशास्त्राला ही केंद्रे उपयुक्त अभ्यासस्थळे आहेत. विद्यार्थ्यांची सहल चवदालन वगळून केवळ बाग व यंत्रघरापुरती ठेवता येते. मद्यपानाविषयीचे सामाजिक आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांचा आदर राखूनही हा अभ्यास होऊ शकतो.

समारोप

नाशिकच्या अल्पपरिचित वाईनरी म्हणजे प्रसिद्ध केंद्रांच्या लहान प्रतिकृती नव्हेत. धोरणातून जन्मलेल्या, मंदीत होरपळलेल्या आणि पाहुण्याच्या आधाराने टिकण्याचा प्रयत्न करणाऱ्या शेतीउद्योगाचे ते वास्तव रूप आहे. पीक उत्तम असणे पुरेसे नसते. ते पाहण्यासाठी, समजून घेण्यासाठी व विकत घेण्यासाठी माणूस शेतापर्यंत यावा लागतो, हा या केंद्रांचा अनुभव आहे. केळी, वांगी आणि बहिणाबाईंचा वारसा लाभलेल्या असोदा परिसराला वाईनची गरज नाही. गरज आहे ती पाहुण्याला आत वळवणाऱ्या अशा वाटेची.